बॅग गेली कुठं? कोल्हापूरहून ये-जा करणाऱ्यांची नेहमीची अडचण आणि तिचा बंदोबस्त

दाभोळकर कॉर्नरला ट्रॅव्हल्सच्या बुकिंग काउंटरवर बसतो. तिकिटांच्या खालोखाल इथं कसली चौकशी होत असेल तर ती बॅगांची. पहाटे फोन सुरू होतात. पुण्याचा प्रवासी वाकडला उतरलेला असतो, मुंबईचा वाशीला, गाडी पुढं निघून गेलेली असते आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं: "माझी बॅग चोरीला गेली." चौकशी केली की बहुतेक वेळा त्यात चोर सापडत नाही. बॅग दुसऱ्यानं आपली समजून नेलेली असते, नाहीतर डिकीच्या पलीकडच्या अंगाला सरकलेली असते, नाहीतर कोल्हापुरातून ती गाडीत चढलेलीच नसते.

सामान हरवतं ते हातबदलाच्या वेळी. घरातून रिक्षात, रिक्षातून फुटपाथवर, फुटपाथवरून डिकीत आणि डिकीतून पुन्हा रस्त्यावर. या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं अशी असतात की बॅग नक्की कुणाच्या ताब्यात आहे हे कुणालाच सांगता येत नाही. बंदोबस्त करायचा तो त्या मिनिटांचा. कुलूप कितीही भारी घेतलं तरी चुकून उचललेल्या बॅगेला त्याचा काही उपयोग नाही.

आधी नक्की काय झालंय ते बघा

बॅग दिसत नाही म्हटल्यावर आरडाओरडा करण्याआधी तीन शक्यता तपासायच्या, आणि त्याही याच क्रमानं.

डिकीत तुमच्या बॅगेसारखीच एखादी बॅग उरली आहे आणि तिला कुणी विचारत नाही? मग अदलाबदल झाली आहे. ही सगळ्यात लवकर सुटणारी केस, कारण समोरच्यालाही त्याची बॅग हवीच असते. ती उरलेली बॅग कुणाला नेऊ देऊ नका, रागानं तिथंच टाकूनही जाऊ नका. तुमच्या बॅगेपर्यंत पोचायचा तोच धागा आहे.

तसं काही उरलेलं नसेल तर क्लीनरला दुसऱ्या बाजूची डिकी उघडायला लावा. मोठ्या गाड्यांची डिकी बऱ्याचदा आरपार असते. घाटात, वळणावर सामान सरकतं आणि डावीकडून ठेवलेली बॅग उजवीकडं जाऊन बसते. हायवेवर उजव्या बाजूनं वाहनं धावत असल्यामुळं क्लीनर तिकडचं झाकण सहसा उघडत नाही, टॉर्च मारून "नाही ओ" म्हणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दोन्हीकडं नसेल तर ड्रायव्हरच्या अंगावर जाण्याआधी कोल्हापुरात फोन लावा. जो सोडायला आला होता त्याला. बॅग त्याच्या मोटारीच्या मागच्या सीटवर किंवा स्कूटरच्या पायाशी निघण्याचे प्रकार इतके होतात की आमच्याकडं आता पहिला प्रश्न तोच असतो. "सोडायला कोण आलं होतं? त्यास्नी विचारलासा काय?"

हे तिन्ही झालं की मग चोरीचा विचार. बॅग जागेवर आहे पण चेन उघडी आहे, कुलपाची कडी वाकलेली आहे, आतली पर्स तेवढी नाही, अशी चिन्हं असतील तर सरळ पोलीस. तिथं वेळ घालवायचा नाही.

डिकीतला घोळ कुठं होतो

रात्रीच्या गाड्यांना तावडे हॉटेलच्या स्टॉपवर काय गर्दी असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. चार गाड्या एकामागं एक लागलेल्या, प्रत्येक क्लीनर आपापल्या गावाची नावं ओरडतोय, आणि सोडायला आलेली माणसं प्रवाशांपेक्षा जास्त. कुणीतरी बॅग उचलतो, कुणीतरी ती डिकीत ढकलतो, आणि ज्याची बॅग तो खिडकीतून आईला हात करत असतो.

डिकी भरायची रीत सोपी आहे: शेवटी उतरणाऱ्याचं सामान तळाला, आधी उतरणाऱ्याचं दाराशी. अडचण अशी की लोक उतरण्याच्या क्रमानं चढत नाहीत. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, चढलेला माणूस कात्रजलाच उतरणार असतो आणि तावडे हॉटेलला चढलेला थेट बोरिवलीला. त्यामुळं कात्रजवाल्याची बॅग तळाला जाते. पहाटे कात्रजला ती काढायची तर वरच्या आठ-दहा बॅगा खाली रस्त्यावर उतरवाव्या लागतात. अंधार असतो, मागची गाडी हॉर्न वाजवत असते, क्लीनरच्या डोळ्यांवर झोप. तळाची बॅग मिळाली की बाकीच्या पटापट आत टाकतात. गाडी निघते आणि एक बॅग दुभाजकाच्या कडेला तशीच उभी राहते. तिचा मालक तेव्हा वरच्या बर्थवर गाढ झोपलेला असतो. वाशीला उतरून "चोरीला गेली" म्हणतो तो हाच माणूस.

यावर इलाज एकच, पण जातिवंत: बॅगेवर नावापेक्षा उतरायचं ठिकाण मोठं लिहा. जाड मार्करनं, कागदावर, रुंद चिकटपट्टी लावून: वाशी. कात्रज. बोरिवली. क्लीनरला तुमच्या नावाशी काही देणंघेणं नसतं, त्याला ठिकाण कळतं. ठिकाण वाचता आलं की तो भरतानाच ती बॅग योग्य बाजूला ठेवतो. आणि बॅग हातात देताना तोंडानंही सांगा, "वाशी, एक नग." टोकन किंवा चिठ्ठी मिळत असेल तर मागून घ्या आणि पाकिटात ठेवा. टोकन नसेल तर बॅग डिकीत ठेवल्यावर झाकण लावायच्या आत एक फोटो काढा. त्यात शेजारच्या बॅगाही येतात. उद्या काही झालं तर "काळी, मध्यम, चाकं असलेली" असं वर्णन करत बसावं लागत नाही. अशा वर्णनाच्या बॅगा दर गाडीत डझनभर असतात.

नावाचंही सांगून टाकतो. "पाटील, कोल्हापूर" ही खूण नव्हे. अर्धी गाडी पाटील असते. पूर्ण नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहा. एक तुमचा आणि एक घरी असणाऱ्या माणसाचा, कारण तुमचा फोन त्याच बॅगेत असेल किंवा चार्जिंग संपलं असेल तर एक नंबर असून नसल्यासारखा. हीच चिठ्ठी आतही टाका, अगदी वरच्या कपड्यांवर. बाहेरची चिठ्ठी घासून निघते, पावसात भिजते. जून ते सप्टेंबर आपल्याकडं डिकीत चिखल आणि पाणी दोन्ही असतं.

लाल रिबिनीचा उपाय आता बाद झाला आहे. सगळेच लाल रिबिन बांधतात. घरातल्या जुन्या साडीचा काठ, उशीच्या अभ्र्याची पट्टी, काहीही चालेल, पण ते दुसऱ्याच्या घरात नसेल असं हवं. आणि ते हँडलला बांधा. चेनच्या टोकाला बांधलेलं पहिल्याच धक्क्याला निघतं.

आपल्या भागाची खास डोकेदुखी म्हणजे खोकी. दिवाळीत आणि मे महिन्यात कोल्हापुरातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत गुळाची खोकी, चटणीचे डबे, चप्पलांचे बॉक्स. एकाच दुकानातून घेतलेली दोन खोकी शेजारी ठेवली तर घेणाऱ्याला काय, देणाऱ्यालाही ओळखू येणार नाहीत. त्यात प्रवासी नसलेलं पार्सलही त्याच डिकीत असतं. खोक्याच्या चारही बाजूंना लिहा. फक्त वरती लिहिलं तर त्यावर दुसरं खोकं बसतं आणि लिहिलेलं झाकतं. चटणीचा डबा असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत. तेल सुटलं की तुमची बॅग ओळखायची अडचण राहत नाही हे खरं, पण शेजारच्या दहा बॅगांचे मालक तुम्हाला ओळखायला लागतात.

कुटुंब मोठं असेल तर सामान मोजायचं काम एकाच माणसाकडं द्या. "मी घेतली," "मला वाटलं तू घेतलीस," हे संभाषण पाच-सहा जणांच्या घरात होतंच. घरातून निघताना नग मोजा, गाडीत चढवताना तोच आकडा, उतरताना तोच आकडा. पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, पोराचं दप्तर, सगळं धरून. सुटी पिशवी जितकी छोटी तितकी ती राहून जायची शक्यता जास्त, म्हणून निघण्याआधी चार पिशव्यांची एक मोठी पिशवी करता आली तर बघा.

दागिने, लॅपटॉप, रोजची औषधं, मूळ कागदपत्रं यांपैकी काहीही डिकीत जाता कामा नये. मुलाखतीला पुण्याला निघालेली पोरं मूळ प्रमाणपत्रांची फाईल ट्रॉलीत तळाला ठेवतात, हे मला आजवर समजलेलं नाही. लग्नाला निघालेल्या बायकांना हे सांगावं लागत नाही, त्यांची पर्स काखेतून सुटत नाही.

ढाब्यावर गाडी थांबली की अजून एक प्रकार घडतो. त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या दोन-तीन गाड्या शेजारी उभ्या असतात. चहा पिऊन माणूस भलत्याच गाडीत चढतो आणि आपली बॅग आपल्याविना पुढं जाते. बसताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला तर हा घोटाळा होत नाही. तोच फोटो बॅग हरवल्यावर आम्हालाही लागतो. "रात्री साडेदहाची गाडी" एवढ्यावरून गाडी शोधणं म्हणजे तिकिटांची सगळी यादी उपसणं.

बॅग बदलली तर

अदलाबदलीत काय करायचं ते एका केसवरून सांगतो. एका ताईंचा पुण्याहून फोन आला. त्यांची काळी ट्रॉली गेली होती, तशीच दुसरी डिकीत उरली होती, आणि ती बॅग घेऊन गाडी मुंबईला जाऊन संध्याकाळी कोल्हापूरला परत यायची होती. यादीतल्या नंबरांना फोन लावले. दोघांनी उचलला नाही, एकाचा बंद. क्लीनरला सांगितलं, ड्रायव्हरच्या समोर उघड, मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेव आणि वरवर बघ, आत हात घालू नको. वरच्याच कप्प्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. पत्रिकेवर खाली निमंत्रकांचे फोन असतातच. पहिल्या नंबरावर कोण तरी आजोबा होते.

"काळी ब्याग? ती आमच्या भाच्याची. साताऱ्याला उतरला असंल त्यो. झोपला असंल आता, थांबा, त्याच्या आईला उठवतो."

पाऊण तासात भाच्याचा फोन आला. त्यानं तोवर बॅग उघडूनही बघितली नव्हती. दुपारच्या गाडीनं ताईंची बॅग पुण्याला गेली.

तेव्हा उरलेली बॅग उघडायची वेळ आलीच तर एकट्यानं उघडू नका. दोन माणसं समोर, व्हिडिओ चालू, आणि फक्त नाव-नंबर शोधण्यापुरतं. पत्रिका, औषधाच्या दुकानाचं बिल, पोराच्या शाळेची डायरी, कुरिअरचं पाकीट, कशावर ना कशावर नंबर सापडतो. आणि आपल्या बॅगेत वर चिठ्ठी टाकलेली असेल तर पलीकडच्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही.

एसटीत

एसटीत बॅग राहते ती वरच्या रॅकवर. मागच्या सीटवर बसायचं आणि सामान पुढच्या रॅकवर, ही सवय मोडा. आपल्या डोळ्यांसमोरच्या रॅकवर ठेवा, जागा नसेल तर पायाशी.

दुसरी सवय खिडकीतून जागा धरायची. रुमाल टाका, टॉवेल टाका, पण बॅग टाकू नका. सीबीएसला जोतिबाच्या चैत्र यात्रेची किंवा सणाच्या सुट्टीची गर्दी असते तेव्हा दारातून आत पोचायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुमची बॅग अनोळखी माणसांच्या मांडीवर असते, आणि पलीकडच्या खिडकीतून ती उचलायला कुणाला तिकीट काढावं लागत नाही.

बॅग बसमध्ये राहिलीच तर तिकीट टाकून देऊ नका. तिकिटावर वेळ आणि मार्ग असतो. बस कुठल्या आगाराची होती हे सगळ्यात महत्त्वाचं. बसवर आगाराचं नाव असतं, चढताना वाचायची सवय ठेवा. सीबीएसला उतरलात म्हणजे बस कोल्हापूरचीच असं नाही. ती रत्नागिरीची असेल, सांगलीची असेल, सोलापूरची असेल, आणि अर्ध्या तासात परतीच्या फेरीला लागेल. वाहतूक नियंत्रकाकडं जाऊन मार्ग, वेळ, आगार, बसायची जागा एवढं सांगितलं की ते पुढच्या स्थानकावर फोन करू शकतात. "लाल बस होती" असं सांगितलं तर ते तुमच्याकडं नुसतं बघतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सापडलेली वस्तू वाहक सहसा आगारात जमा करतात, म्हणून दोन दिवसांनी तिथं पुन्हा एक फेरी मारा.

रेल्वेत

महालक्ष्मी किंवा कोयनेनं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मिरजेला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट दिशेनं निघते. चहाला उतरलेला माणूस "आपला डबा इंजिनाकडून चौथा" हा हिशेब धरून परत येतो आणि भलत्याच टोकाला धावतो. डब्याचा क्रमांक लक्षात ठेवा, इंजिनावरून मोजू नका. आणि उतरताना शेजाऱ्याला "बॅगेकडं जरा बघा" म्हणून उतरत असाल तर निदान त्या शेजाऱ्याचं तिकीट मिरजेपर्यंतचंच नाही ना, एवढं विचारा.

खालच्या बर्थच्या खाली साखळी अडकवायला लोखंडी कड्या असतात. साखळी-कुलूप स्वस्तात मिळतं. ती बॅगेच्या हँडलमधून घाला, चेनच्या कडीतून नको, ती हिसक्यानं तुटते.

कायदा माहीत असलेला बरा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०० प्रमाणे, प्रवाशानं स्वतःजवळ ठेवलेलं सामान गेलं तर रेल्वे आपोआप जबाबदार ठरत नाही. रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं किंवा गैरवर्तनामुळं ते गेलं हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे भरपाईच्या भरवशावर झोपायचं नाही. पण तक्रार मात्र लगेच करायची. त्यासाठी मधल्या स्टेशनवर उतरण्याची गरज नाही. तिकीट तपासनीस, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडं तक्रारीचा फॉर्म भरून देता येतो आणि प्रवास चालू ठेवता येतो. १३९ हा एकच नंबर मदतीला पुरतो.

गाडीत बॅग राहिली तर कोल्हापूरला एक फायदा आहे: इथं गाडी संपते. तुम्ही सांगलीला किंवा मिरजेला उतरलात आणि बॅग आत राहिली, तर ती पुढं जाऊन जाऊन शाहू महाराज टर्मिनसपर्यंतच जाणार. लगेच १३९ ला फोन करा. डबा, बर्थ, गाडीचा क्रमांक सांगा. कोल्हापुरात उतरून घरी पोचल्यावर आठवलं तर गाडी यार्डात जायच्या आत स्टेशनवर माघारी या आणि रेल्वे सुरक्षा दलाकडं जा. राहिलेलं सामान मालकाला परत करण्यासाठी या दलाची "ऑपरेशन अमानत" नावाची मोहीमच आहे. परत घेताना ओळखपत्र आणि आत काय आहे याचं वर्णन विचारतात, म्हणून बॅग भरल्यावर उघड्या बॅगेचा एक फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

उजळाईवाडीहून विमानानं

इथून थेट मुंबईला गेलात तर काळजीचं फारसं कारण नाही. घोटाळा होतो तो पुढचं विमान बदलताना, हैदराबाद किंवा बंगळूरमार्गे पुढं जाणाऱ्यांचा. जगभरातच हरवलेल्या-रखडलेल्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा विमान बदलण्याचा असतो. काउंटरवर बॅगेला पट्टा लावला की त्यावरची तीन अक्षरं वाचा. ती शेवटच्या विमानतळाची हवीत. कोल्हापूरचा कोड केएलएच, हैदराबादचा एचवायडी. दिल्लीला निघालात आणि पट्ट्यावर एचवायडीच दिसत असेल तर बॅग हैदराबादला तुम्हाला स्वतः घ्यायची आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बहुधा असंच होतं. काउंटरवरच विचारा, "बॅग मधे घ्यायची का थेट मिळेल?"

जुने पट्टे आणि ते बारीक बारकोडचे स्टिकर बॅगेवर मिरवू नका. मागच्या प्रवासाची आठवण म्हणून ठेवलेला स्टिकर यंत्रानं वाचला तर बॅग त्या मागच्या प्रवासाला जाऊ शकते.

आखातातून, अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा: परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग साधारणपणे स्वतः घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. पट्ट्यावर कोल्हापूर लिहिलंय म्हणून ते मुंबईत सरळ पुढच्या विमानाकडं जातात, आणि बॅग मुंबईच्या सरकत्या पट्ट्यावर गोल गोल फिरत राहते.

सरकत्या पट्ट्यावर बॅग आली नाही तर हॉलमधून बाहेर पडू नका. विमान कंपनीच्या माणसाकडं तक्रार लिहून द्या. तिला पीआयआर म्हणतात, तिचा क्रमांक घ्या. बोर्डिंग पासला चिकटवलेली पावती जपून ठेवा, त्यावर बॅगेचा दहा अंकी नंबर असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मोडतोड झाली असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भारत या करारात २००९ पासून आहे.

रिक्षा आणि देवदर्शन

अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्यांचं सामान बसमध्ये, रेल्वेत शाबूत राहतं आणि स्टेशन ते महाद्वार या एवढ्याशा टप्प्यात रिक्षात जातं. सीटच्या मागं बॅग ठेवतात, उतरताना पैसे देण्यात, चप्पल सावरण्यात, पोरांना खाली घेण्यात लक्ष जातं. बसताना मागच्या नंबरचा फोटो काढा, एमएच ०९ वाला. मीटर, गर्दी, घाई काहीही असो, पैसे देण्याआधी बॅग खाली उतरवा. आधी सामान, मग पैसे.

राहिलीच तर पैसे कसे दिले होते ते आठवा. मोबाईलवरून दिले असतील तर व्यवहाराच्या नोंदीत घेणाऱ्याचं नाव असतं. ते घेऊन ज्या स्टॉपवरून रिक्षा पकडली तिथं जा. आपल्याकडचे रिक्षावाले एकमेकांना नावानं, नाहीतर गाडीच्या सजावटीवरून ओळखतात. "मागं मोठा वाघ काढलेला" एवढ्यावरसुद्धा माणूस सापडतो.

नवरात्रात मोठं सामान घेऊन दर्शनरांगेत उभंच राहू नका, लॉजवर ठेवा. छोटी पर्स पाठीवर नको, पोटावर.

ट्रॅकरचं काय?

एअरटॅग किंवा अँड्रॉइडला चालणारे टॅग आता बरेच लोक टाकतात. टाका, पण त्याची मर्यादा समजून. टॅग स्वतः उपग्रहाशी बोलत नाही. आसपासच्या कुणाच्या तरी फोनला तो सापडतो आणि तो फोन ठिकाण कळवतो. विमानतळावर, स्टेशनवर, गर्दीच्या स्टँडवर उत्तम. आंबा घाटात रात्री दोनला कडेला पडलेल्या बॅगेजवळ कुणाचा फोन नसेल तर नकाशावर शेवटचं ठिकाण मलकापूरच दिसत राहील. डिकीतल्या बॅगेला मात्र गाडीतल्याच प्रवाशांचे फोन पुरतात, त्यामुळं बॅग गाडीत आहे की मागं राहिली हे साधारण कळतं. विमानाला जाताना पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही, आणि सापडली तर बॅग तेवढ्यासाठी मागं राहू शकते.

पोलीस आणि परतीची बॅग

चोरीचा संशय असेल तर जागा कुठली ते महत्त्वाचं. सीबीएस आणि स्टेशनबाहेरच्या भागासाठी शाहूपुरी पोलीस ठाणे, मंदिर परिसरासाठी जुना राजवाडा, रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस. बॅग सातारा-कराडदरम्यान कुठंतरी गेली असेल आणि हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झिरो एफआयआर मागा. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घेता येते, मग ती योग्य ठाण्याकडं जाते. कार्डं बॅगेत असतील तर बँकेला फोन तक्रारीच्या आधी. आधार, लायसन्स वगैरेची प्रत डिजिलॉकरमध्ये असेल तर पुढचा प्रवास अडत नाही.

काउंटरशी बोलताना मात्र पीएनआर, गाडीचा नंबर, सीट, चढला-उतरला कुठं आणि बॅगेचा फोटो, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा. पाच मिनिटांला एक याप्रमाणं दहा फोन केलेत तर क्लीनरला फोन लावायची आमची लाईनच मोकळी राहत नाही. उडवाउडवी होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

बॅग मिळाली की ती बहुधा परतीच्या गाडीनं येते आणि पहाटे काउंटरवर उतरते. न्यायला स्वतः या किंवा ओळखपत्राच्या फोटोसह माणूस पाठवा. काउंटरवरच उघडा, आतलं बघा, मग वहीत सही करा. बाहेरच्या छोट्या कप्प्यातला चार्जर आणि हेडफोन हेच बऱ्याचदा गायब असतं, आणि ते घरी गेल्यावर लक्षात आलं तर आम्हीही काही करू शकत नाही.